नगरमध्ये ट्रॅक आहे, मग ग्रां प्री नोएडाला का झाली?

अहिल्यानगर म्हणजे आताआतापर्यंतचं अहमदनगर, आणि जिल्ह्यातल्या माणसाच्या तोंडी नुसतं नगर. रणगाड्यांचं संग्रहालय याच शहरात, चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र याच शहरात, आणि संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था, म्हणजे व्हीआरडीई, हीही इथलीच. या संस्थेचं मूळ आजच्या पाकिस्तानातल्या चकलाला इथलं. फाळणीनंतर ती नगरला आली आणि ती जिथं आहे त्या भागाचं नावच वाहननगर पडलं. देशात नवीन गाडी विकायची असेल तर आधी ती सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. त्या संस्थांच्या यादीत पुण्याच्या एआरएआयच्या बरोबरीनं नगरची व्हीआरडीई आहे. गाड्या पळवून बघायचे ट्रॅक तिच्याकडे आहेत.

आता साहजिक प्रश्न पडतो. ट्रॅक आहे, आजूबाजूला मैलोन् मैल माळरान आहे, गाड्यांची राजधानी म्हणवणारं पुणं सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. मग २०११ मध्ये भारतात फॉर्म्युला वनची ग्रां प्री आली तेव्हा ती उत्तर प्रदेशातल्या ग्रेटर नोएडाला का गेली? आणि उद्या भारतात पुन्हा नवी ग्रां प्री आणायची ठरली, तर जागा कशी निवडतील?

याचं उत्तर डांबराच्या पट्ट्यात फारसं नाही. पण सुरुवात तिथूनच करावी लागते.

चाचणीचा ट्रॅक वेगळा, शर्यतीचा वेगळा

चाचणीच्या ट्रॅकचं काम गाडीला त्रास देणं हे आहे. चढ, खड्डे, दगडी फरशी, पाणी, चिखल, वाळू यांतून गाडी शेकडो वेळा न्यायची आणि काय तुटतं ते बघायचं. एका वेळी एखादीच गाडी धावते, बघायला प्रेक्षक नसतात, आणि नगरच्या बाबतीत तर आत शिरायलाच परवानगी लागते. मध्य प्रदेशात इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. तो भव्य आहे, पण त्याची वळणं इतकी कललेली आहेत की गाडी वेग कमी न करताच फिरत राहते. शर्यतीत नेमकं उलटं हवं असतं. ताशी ३०० किलोमीटरवरून ८०-९० वर यायला लावणारं वळण असलं की ब्रेक कोण उशिरा दाबतो त्यावर ओव्हरटेकिंग होतं.

दुसरा फरक चूक झाल्यावर कळतो. वळण चुकलेली गाडी कुठं जाणार, याचा हिशोब शर्यतीच्या ट्रॅकवर आधी करतात. वळणाच्या बाहेर रुंद मोकळी जागा, तिथं खडी किंवा डांबर, मग टायरची किंवा खास बनावटीची भिंत, मग उडालेले तुकडे अडवणारी जाळी, आणि त्याच्याही मागं प्रेक्षक. नगर-पुण्याकडच्या बैलगाडा शौकिनाला हे समजावून सांगायला नको. घाट निवडताना निशाणापर्यंतची धाव जितकी बघतात, तितकंच निशाणाच्या पुढं बैल थांबायला मोकळं रान किती आहे हेही बघतात.

नियम काय सांगतात?

फॉर्म्युला वनची शर्यत भरवायची तर ट्रॅकला एफआयए या जागतिक संघटनेचा ग्रेड १ परवाना लागतो. त्यातले मोटे मोटे आकडे असे. ट्रॅक किमान साडेतीन किलोमीटरचा हवा. नवीन ट्रॅकची रुंदी किमान १२ मीटर, आणि गाड्या जिथून सुटतात तिथं १५ मीटर. कोणताही सरळ पट्टा दोन किलोमीटरपेक्षा लांब नको. सुरुवातीच्या रांगेत पुढच्या-मागच्या गाडीत आठ मीटरचं अंतर, म्हणजे २४ गाड्या उभ्या करायच्या तर जवळजवळ दोनशे मीटर त्यातच गेले. तिथून पहिलं वळणही पुरेसं लांब हवं, नाहीतर सगळे एकाच वेळी त्यात घुसतात.

मोनॅकोचा ट्रॅक ३.३३७ किलोमीटरचाच आहे, तो नियमात बसत नाही. पण मोनॅकोला ही सूट तिच्या इतिहासामुळे मिळते. नव्या शहरानं तिच्याकडे बोट दाखवून उपयोग नाही.

शर्यतीचं एकूण अंतरही ठरलेलं आहे: ३०५ किलोमीटर ओलांडणारी पहिली पूर्ण फेरी झाली की शर्यत संपली. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची. ५९ फेऱ्यांत ३०२ किलोमीटर होतात, कमी पडतात, म्हणून तिथं शर्यत ६० फेऱ्यांची होती. फेरी छोटी ठेवली तर प्रेक्षकाला गाड्या जास्त वेळा दिसतात, मोठी ठेवली तर जमीन जास्त लागते. कागदावर रेघ ओढतानाच पैशाचा विषय सुरू होतो तो असा.

जमीन: सपाट म्हणजे चांगली असं नाही

जुन्या काळी सगळ्यात सोपा उपाय होता विमानाची धावपट्टी. इंग्लंडचं सिल्व्हरस्टोन हा दुसऱ्या महायुद्धातला बॉम्बर विमानांचा तळ. १३ मे १९५० ला जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत तिथंच झाली. आपल्याकडे चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर अनेक वर्षं शर्यती चालल्या, मुंबईत जुहूच्या विमानतळावरही गाड्या पळाल्या. धावपट्टी रुंद असते, मजबूत असते, आसपास झाडं-घरं नसतात.

पण सपाट ट्रॅक टीव्हीवर कंटाळवाणा दिसतो आणि चालकालाही कंटाळवाणा वाटतो. चढ आला की वळणाचा शेवट दिसत नाही, उतारावर ब्रेक मारताना मागची चाकं हलकी होतात, चुका होतात, शर्यत रंगते. ग्रेटर नोएडाची जमीन गंगा-यमुनेच्या गाळाची, ताटासारखी सपाट. जर्मन आरेखक हर्मन टिल्के यांनी तिथं मातीचे भराव घालून चढउतार तयार केले आणि काही वळणांच्या तोंडाशी ट्रॅक मुद्दाम रुंद केला, म्हणजे दोन-तीन गाड्यांना वेगवेगळ्या रेषा धरता येतील. हे सगळं विकत घेतलेलं भूगोल आहे.

त्या मानानं नगर जिल्ह्यात भूगोल फुकट आहे. पारनेरचं पठार, पाथर्डीकडचे डोंगर, मध्येच उतरणारे घाट. अडचण वेगळी आहे. जिल्ह्यातल्या खोलगट भागांत काळी जमीन आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. गावाकडचा रस्ता दोन पावसाळ्यांत लाटांसारखा का होतो, याचं एक कारण ही माती. फॉर्म्युला वनची गाडी जमिनीपासून काही मिलिमीटरवरून धावते, तिला अशी एक लाटसुद्धा चालत नाही. म्हणजे काळी माती खोदून काढा, खाली मुरूम-खडी भरा, दाबा, मग डांबर. किंवा मग मुरमाड, खडकाळ माळ निवडा, जिथं पाया आयता आहे पण प्रत्येक भुयारी गटारासाठी खडक फोडावा लागेल. पर्यायानं खर्च दोन्हीकडे आहे.

आणि जमीन कुणाची? बुद्ध सर्किटचा परिसर पावणेनऊशे एकरांच्या घरातला. एवढी सलग जमीन नगर जिल्ह्यात मागायची तर ती कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यात मिळणार नाही आणि मागूही नये. जिरायत भागातही काही सोपं नाही. नगरच्या के. के. रेंज या लष्करी सराव क्षेत्राच्या विस्तारासाठी जमीन जाणार म्हटल्यावर पारनेर, राहुरी आणि नगर तालुक्यांतल्या गावांनी काय विरोध केला ते ताजं आहे. देशाच्या सैन्यासाठी जमीन द्यायला खळखळ होत असेल, तर वर्षातले तीन दिवस चालणाऱ्या शर्यतीसाठी कोण देईल? ग्रेटर नोएडातही २०११ च्या शर्यतीच्या तोंडावर मोबदल्यावरून शेतकऱ्यांनी आंदोलनाचा इशारा दिला होताच.

पाणी, कुत्रा आणि हेलिकॉप्टर

ट्रॅकला पाणी लागतं हे सहसा डोक्यात येत नाही. पण धूळ बसवायला, हिरवळ जगवायला, लाखभर माणसांना प्यायला आणि स्वच्छतागृहांना ते लागतंच. महाराष्ट्रात याचा एक दाखला आहे. २०१६ च्या दुष्काळात खेळपट्ट्यांवर पाणी मारण्यावरून वाद उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवावे लागले. क्रिकेटची ही गत, तर नगरसारख्या पर्जन्यछायेच्या जिल्ह्यात, जिथं मुळा-भंडारदऱ्याचं पाणी जायकवाडीला किती सोडायचं यावर दरवर्षी रण पेटतं, तिथं शर्यतीच्या पाण्याची मागणी कुणी मांडूनच दाखवावी.

कुंपणाचंही तसंच. २०११ मध्ये बुद्ध सर्किटवर पहिल्याच सरावात एक भटका कुत्रा ट्रॅकवर आला आणि सराव थांबवावा लागला. जगभर त्याचीच चर्चा झाली. हजारो कोटींच्या कामात पाच किलोमीटरच्या जाळीतलं एक भोक पुरतं.

मात्र सगळ्यात कडक अट दवाखान्याची आहे. ट्रॅकवर सुसज्ज वैद्यकीय केंद्र हवं आणि गंभीर जखमीला हेलिकॉप्टरनं मोठ्या रुग्णालयात थोड्या मिनिटांत पोचवता आलं पाहिजे. हेलिकॉप्टर उडू शकत नसेल तर गाड्याही सुटत नाहीत. २०१७ मध्ये शांघायला हेच झालं. ट्रॅक ठीक होता, गाड्या तयार होत्या, पण ढगाळ, धुरकट हवेमुळे शहरातल्या रुग्णालयाजवळ हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हतं. शुक्रवारचा दुसरा सराव पूर्ण रद्द झाला. नगर शहराजवळ आणि लोणीला वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं आहेत, ही जमेची बाजू. पण मेंदूची शस्त्रक्रिया आणि भाजलेल्यावर उपचार हे दोन्ही चोवीस तास तयार असणं, तेही एफआयएच्या डॉक्टरांनी येऊन तपासल्यावर, ही वेगळी परीक्षा आहे.

शहर किती लांब?

इथं दक्षिण कोरियाची गोष्ट उपयोगी पडते. २०१० मध्ये त्यांनी येओंगाम इथं ट्रॅक बांधला, राजधानी सोलपासून जवळजवळ ४०० किलोमीटर दूर. मागासलेल्या भागाचा विकास होईल, ट्रॅकभोवती नवं शहर उभं राहील असा बेत होता. शहर काही उभं राहिलं नाही. जवळच्या मोक्पो गावात हॉटेलं इतकी कमी की संघांच्या लोकांना तासावर खोल्या देणाऱ्या लॉजमध्ये राहावं लागलं, आणि पत्रकारांनी त्याची चविष्ट वर्णनं छापली. चार शर्यती झाल्या, करार शिल्लक असताना २०१३ नंतर सगळं थांबलं. ट्रॅक नियमात चोख होता.

नगरचं मोजमाप याच पट्टीनं केलं तर? पुणं जवळ आहे खरं, पण शनिवार-रविवारी वाघोली आणि शिक्रापूर ओलांडायला किती वेळ लागतो ते त्या रस्त्यानं जाणाऱ्याला विचारा. समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून जातो आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या बाजूला आमणेपर्यंत पूर्ण झाला, त्यामुळे जिल्ह्याचा उत्तर भाग मुंबईला जवळ आला. काकडीचा शिर्डी विमानतळ २०१७ पासून सुरू आहे, धावपट्टी अडीच किलोमीटरची. पण संघांचं शेकडो टन सामान मालवाहू जम्बो विमानांनी येतं आणि आठवड्याभरात पुढच्या देशात पोचायचं असतं. ते उतरवून कस्टममधून तासांत सोडवायची यंत्रणा मुंबई-दिल्लीला आहे, काकडीला नाही. राहण्याच्या बाबतीत मात्र जिल्हा अगदीच कच्चा नाही. सणासुदीला लाखो भाविकांची सोय शिर्डी करतेच. फक्त तिथल्या भक्तनिवासात फेरारीचे मेकॅनिक राहतील का, हा प्रश्न उरतो.

मग नोएडाच का?

आता मूळ प्रश्न. भारतात ग्रां प्री आणायची बोलणी १९९० च्या दशकापासून चालू होती. कोलकाता, बेंगळुरू, मुंबई अशी नावं येऊन गेली. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात चंद्राबाबू नायडूंच्या सरकारनं हैदराबादजवळ गोपनपल्लीची जागा पुढं केली. २००४ मध्ये सरकार बदललं आणि तो विषय विरला.

२००७ मध्ये करार जमला तो भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या मध्यस्थीनं, आणि तिचे अध्यक्ष होते पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी. पुण्याचा माणूस फॉर्म्युला वनचे सर्वेसर्वा बर्नी एकलस्टन यांच्याशी बोलतोय, आणि शर्यत जाते दिल्लीच्या दारात. कारण तिथं तीन गोष्टी एकत्र होत्या. यमुना द्रुतगती मार्ग बांधणाऱ्या जेपी समूहाला मार्गालगत मोठी जमीन मिळालेली होती, राजधानी तासाभरावर होती, आणि ट्रॅकच्या आजूबाजूला घरं विकून पैसे वसूल होतील असा समूहाचा हिशोब होता. जागा ट्रॅकसाठी शोधली गेली नाही, जागेला ट्रॅक चिकटवला गेला, असं म्हटलं तरी चालेल.

हा हिशोब का लागतो, ते या धंद्याची वाटणी बघितली की कळतं. ग्रां प्री भरवणाऱ्याला हक्काचं शुल्क दरवर्षी द्यावं लागतं, तेही कोट्यवधी डॉलरमध्ये, आणि करारानुसार ते सहसा वाढत जातं. टीव्हीचे पैसे, ट्रॅकभोवतीच्या मोठ्या जाहिराती, श्रीमंत पाहुण्यांचे तंबू यांचं उत्पन्न मुख्यतः फॉर्म्युला वनकडे जातं. यजमानाच्या हातात उरतं तिकीट. म्हणजे स्टँड रिकामा राहिला की खड्डा पडलाच. बुद्ध सर्किटवर पहिल्या वर्षी सुमारे ९५ हजार लोक आले. दुसऱ्या वर्षी आकडा ६५ हजारांच्या आसपास घसरला.

त्यावर कर. केंद्रीय क्रीडा मंत्रालयानं २००९ मध्येच ३.६५ कोटी डॉलर परदेशी पाठवायला नकार दिला होता, कारण त्यांच्या मते हा खेळ नसून करमणूक होती. राज्य सरकारनं करमणूक कर माफ केला, तर त्याविरुद्ध याचिका झाली आणि सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०११ मध्ये तिकिटांच्या उत्पन्नाचा २५ टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवायला लावला. शर्यत होऊन गेल्यावर आणखी एक प्रश्न उरला: तीन दिवसांसाठी आलेल्या परदेशी कंपनीनं भारतात प्राप्तिकर भरायचा का? एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरायचा असा निकाल दिला. बुद्ध सर्किट ही त्या काळापुरती कंपनीची भारतातली कायम आस्थापना होती, असं न्यायालयाचं म्हणणं.

तोवर शर्यत कधीच गेली होती. २०११, २०१२, २०१३ या तीनही वर्षी सेबास्टियन फेटेल जिंकला, चौथं विश्वविजेतेपदही त्यानं इथंच पक्कं केलं. चालकांना ट्रॅक आवडला होता. २०१४ च्या वेळापत्रकात भारत नव्हता, आणि करार पाच वर्षांचा असूनही नंतरही आला नाही.

रस्त्यावरच शर्यत केली तर?

जमीन नको, स्टँड तात्पुरते, शहर आयतं जवळ. म्हणून अलीकडे अनेक देशांचा कल शहरातल्या रस्त्यांकडे आहे. सिंगापूरनं २००८ पासून रात्रीची शर्यत याच पद्धतीनं चालवली. पण रस्ता रोजच्या वापराचा असतो, त्याखाली गटारं असतात. लास व्हेगासला २०२३ मध्ये पहिल्या सरावाच्या आठव्या-नवव्या मिनिटाला एका झाकणानं कार्लोस सैन्झच्या फेरारीचा तळ फाडला. आपल्याकडच्या रस्त्यांवरची झाकणं डोळ्यासमोर आणली तर पुढचं लिहायला नको.

हैदराबादनं ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेनसागर तलावाकाठी फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची शर्यत, भरवून दाखवली. ट्रॅक सुमारे २.८ किलोमीटरचा, वळणं १८. वर्षअखेरीस तेलंगणात सरकार बदललं आणि जानेवारी २०२४ मध्ये दुसरी शर्यत रद्द झाली. वीस वर्षांनी त्याच शहरात तेच. चेन्नईत ऑगस्ट २०२४ अखेरीस आयलंड ग्राउंड्सभोवती साडेतीन किलोमीटरच्या रस्त्यावर रात्रीची शर्यत झाली, पण त्याआधी चक्रीवादळामुळे ती एकदा पुढं ढकलावी लागली होती आणि हरकती मद्रास उच्च न्यायालयात गेल्या होत्या. २०२५ मध्ये नवी मुंबईतही पाम बीच रोडच्या परिसरात अशा शर्यतीची घोषणा झाली. या शर्यतींच्या गाड्या फॉर्म्युला वनपेक्षा खूप संथ असतात, त्यामुळे अटीही सैल असतात. याच रस्त्यांवर ग्रेड १ मिळवणं ही वेगळी गोष्ट.

बुद्ध सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटो जीपीची मोटरसायकल शर्यत झाली. ती जिंकली इटलीच्या मार्को बेझेकीनं, पण २०२४ ची होऊ शकली नाही. जमिनीचे पैसे थकले म्हणून यमुना द्रुतगती मार्ग प्राधिकरणानं जेपीला दिलेली, ट्रॅकसह एक हजार हेक्टर जमीन २०२० मध्येच काढून घेतली होती. जून २०२४ मध्ये जेपीची मुख्य कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचा निर्णय कायम ठेवला. ज्या घरांच्या विक्रीवर ट्रॅकचा खर्च निघणार होता, त्यांतले कित्येक खरेदीदार अजून ताब्याची वाट बघतायत.